न थरथरणारी डबी

१

गुरुवारी सकाळी बिरागोने पत्र्याची ट्रंक उघडली, आणि तिच्यात कुणाचा तरी हात फिरलाय हे डोळ्यांच्या आधी तिच्या नाकाला कळलं.

रुमालाला साबणाचा वास येत होता.

रुमाल दुफिएचा. बिरागोची एकुलती एक लेक हॅम्बुर्गला गेली, नऊ वर्षं तिथल्या इस्पितळाच्या फरश्या पुसल्या, आणि तिथेच मेली. देह आला नाही. आले ते केस आणि नखं, ह्याच जांभळ्या रुमालात बांधून. टेचिमानला, आईच्या गावी, त्यांच्यावरच सगळं रीतसर झालं. केस-नखं पुरली आणि रुमाल आईने ठेवून घेतला. त्याला तेव्हा केसांना लावायच्या शिया लोण्याचा आणि कसल्याशा परदेशी शाम्पूचा वास होता. बिरागोने त्यात एक डबी गुंडाळली, ट्रंकेच्या तळाशी ठेवली, कुलूप घातलं आणि काळं नेसली. वर्षभर त्या ट्रंकेला तिने हात लावला नाही. रोज ऐकत बसले तर काळं कधीच उतरणार नाही, एवढं ती स्वतःला ओळखून होती.

डबी म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांची डिस्क. तळहाताएवढी. तिच्यात दुफिए होती. दर रविवारी चर्चहून आली की पोरगी फोनमध्ये अर्धा-अर्धा तास बोलून पाठवायची. रश्श्याला फोडणी देता देता, भांडी आपटत, मध्येच खोकत. असे नऊ वर्षांचे रविवार. ज्या फोनवर ते आले तो फोन पुढे पाण्याच्या पिंपात पडून मेला. उरली ती एवढी डबी.

शनिवारी वर्षाचा विधी होता. काळं उतरवून पांढरं नेसायचं आणि मंडपातल्या कर्ण्यांवरून दुफिएचा आवाज सगळ्या गोतावळ्याला ऐकवायचा, असं बिरागोने ठरवलं होतं. तिने ठरवलं म्हणजे ठरलं. बाजारात यामच्या कंदांचा भाव तिच्या भुवईकडे बघून ठरे. लोक तिला राणीआई म्हणत ते काही लाडाने नव्हे.

डबी घेऊन ती तडक 'धीर धर कॉम्प्युटर्स'मध्ये गेली. दुकानदार सारपॉन्ग उठून उभा राहिला, बाक पुसला, वायर जोडली. बिरागोने डबीवर तळवा ठेवला. पडद्यावर रिकामी चौकट आली.

"चाक अडकलंय, राणीआई," सारपॉन्ग पडद्याकडेच बघत म्हणाला. "म्हातारी झाली डिस्क."

"वर्षाची पोर म्हातारी झाली?"

"धूळ जाते आत. हरमॅटनचा वारा यंदा किती होता..."

"बंद ट्रंकेत गेली धूळ? कुलपाची परवानगी घेऊन गेली?"

तो हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. बिरागोने वायर उपटली, डबी उचलली आणि निघाली.

तळवा अजून तिच्या मनात तसाच पसरलेला होता. ती डबी थरथरली नव्हती. ती तिची डबी नव्हतीच.

२

वर्षामागे ह्याच बाकावर बसून तिने ती निवडली होती. तिचा धाकटा भाऊ बाडू, कुटुंबाचा कर्ता पुरुष, सोबत आला होता. म्हणजे सल्ले द्यायला आला होता.

सारपॉन्गने फळीवर पाच वस्तू मांडल्या, बिरागो बाजारात यामचे ढीग मांडते तशा.

"ही फिरत्या चाकाची डिस्क. आत थाळ्या फिरतात, वरून सुई वाचत जाते. स्वस्त, पोट मोठं. पण पडली की सुई थाळीवर आपटते आणि खेळ खलास."

"दुसरी?"

"ही चिपवाली. हिच्यात काही फिरत नाही, काही हलत नाही. पाडा, काही होत नाही. वाऱ्यासारखी चालते. महाग. हातात घेऊन बघा, किती हलकी."

बिरागोने दोन्ही हातांवर तोलून पाहिल्या. पन्नास वर्षं ती कंद तोलत आली होती. आतून किडका कंद तिला कापावा लागत नसे.

"तिसरा पेनड्राइव्ह. खिशात मावतो."

"खिशातून पडतोही. पुढे?"

"ही तबकडी. डीव्हीडी."

"ओरखडा पडला तर?"

"अडखळते."

"पावसात?"

"बुरशी धरते."

"मग त्यापेक्षा मक्याची केंकी विकत घेते, बुरशी धरली तर कोंबड्यांना तरी घालता येते. आणि पाचवं?"

"पाचवं ढगातलं. इंटरनेटवरून दूर कुणाच्या तरी यंत्रात ठेवायचं. पडत नाही, भिजत नाही. दर महिन्याला थोडं भाडं."

"आणि भाडं राहिलं तर लेकीला रस्त्यावर काढणार? एकदा परक्याच्या घरात मेली ती. पुन्हा परक्याच्या घरात नाही ठेवायची मला."

सारपॉन्गने चाकाची डिस्क चालू केली आणि कान लावला.

"डॉक्टर आहेस का रे?" बिरागो म्हणाली.

"कान लावल्याशिवाय मी डिस्क कुणाला देत नाही, राणीआई. आतलं चाक खोटं बोलत नाही."

तिनेही तळवा ठेवला. डबी आतून थरथरत होती, मुठीत धरलेल्या पिलाची छाती थरथरते तशी. बाकी चार वस्तू तिने हाताने बाजूला सारल्या. "ही दे. हिच्यात जीव आहे."

"माझं ऐकाल तर ह्याच्या दोन प्रती करा. दोन ठिकाणी ठेवा. एकच एक कधी ठेवू नये."

"मला लेकही एकच होती," बिरागो म्हणाली.

फोनमधलं नखाएवढं कार्ड काढून सारपॉन्गने आवाज डबीत भरायला घेतले. मध्ये दोनदा वीज गेली. भरायला तासावर वेळ लागला. बाडू तेवढ्यात, मेलेल्याचा आवाज मंडपात लावणं कसं बरं नव्हे, हे तीनदा सांगून झाला.

"हे कार्ड आता रिकामं कर," बिरागो सारपॉन्गला म्हणाली, "आणि ह्याच्या रेडिओत घालून चार स्तोत्रं भर. ऐकेल तेवढा वेळ तरी तोंड मिटून बसेल."

सारपॉन्गने एक बटण दाबलं. "झालं रिकामं."

"झालं? इतक्यात?"

"पुसायला कुठे वेळ लागतो?"

हे सगळं बिरागोला बाजाराच्या रस्त्याने चालता चालता जसंच्या तसं आठवलं, आणि गाजराच्या हातगाडीपाशी ती थबकली. गाडीवाली म्हणाली, "राणीआई, देऊ का?" तिने ऐकलंही नाही.

सारपॉन्गने आज डबीला कान लावला नव्हता.

३

घरी येऊन तिने दार लोटून घेतलं. घर मोठं, अंगणाभोवती नऊ खोल्या, त्यातल्या सात बंद. अंगणात एकच आवाज: पलीकडे पोकुआ उखळात उकडलेल्या कंदांची फुफू कांडत होती. पोकुआ म्हणजे बिरागोच्या मेलेल्या बहिणीची मुलगी. ती आणि दुफिए एकाच चटईवर वाढल्या. आता दोघी बायका एका भिंतीच्या दोन बाजूंना जेवत, आणि भिंतीतून एकमेकींची ताटली ऐकत.

बिरागोने डबी तोलली. वरचा तांबडा ठिपका तिचाच, यामच्या पोत्यांवर मारते तो. कवच तिचंच. पण हात सांगत होता की आतला कंद दुसरा आहे. हलका.

तिने कंद सोलायची सुरी घेतली, टोक फटीत घातलं आणि पिळलं. कवच टचकन उघडलं. आत थाळी नव्हती, सुई नव्हती. एक चपटी, काळी, हलकी वडी होती, बरोब्बर त्याच मापाची. वर छापलेलं नाव तिला वाचता येत नव्हतं. हाताला ते वाचायची गरज नव्हती. वर्षापूर्वी सारपॉन्गने हातात ठेवलेली दुसरी वस्तू ही. चिपवाली. महागातली.

ती खाटेवर बसली.

चोर स्वस्त वस्तू काढून महाग घालत नाही. बाजारात तिने सगळ्या तऱ्हेचे चोर पाहिले होते. ढिगाच्या वर जाडे कंद आणि खाली काटकुळे लावणारे, ओल्या मातीने वजन वाढवणारे. पण वाईट उचलून चांगलं ठेवून जाणारा चोर तिने पाहिला नव्हता. म्हणजे हा चोर नव्हेच.

मग चिपवाली कुणाला हवी असते? सारपॉन्गच्याच तोंडचं वाक्य होतं: पाडा, काही होत नाही. ज्याच्या हातून चाकवाली पडली, त्यालाच दुसऱ्या खेपेला न फुटणारी घ्यावीशी वाटणार.

कुणीतरी दुफिएला पाडलं होतं.

आणि ट्रंकेची किल्ली वर्षभर बिरागोच्या कमरेला होती. फक्त दोन दिवस सोडून.

४

ते दोन दिवस ती कुमासीला तिथल्या याम-बाजाराच्या राणीआईच्या अंत्यविधीला गेली होती. दुफिएच्या चाळिसाव्या दिवसानंतर आठवडाभराने. जाताना किल्ली बाडूकडे दिली होती.

बाडू आपल्या अंगणात आराम खुर्चीत पडला होता. रेडिओतून कुणी उपदेशक ओरडत होता.

"बंद कर ते," बिरागो म्हणाली.

"ये आक्का, बस. पाणी आणवू?"

"पाणी नको. ट्रंक उघडलीस?"

"कुठली ट्रंक?"

"बाडू, तू सहा वर्षांचा असताना माझा शेंगदाणा खाल्लास आणि असंच विचारलंस, कुठला शेंगदाणा."

बाडूने रेडिओ बंद केला. "मी उघडली नाही."

"तुला तिचा आवाज नको होता मंडपात."

"नकोच होता! आजही नको आहे." त्याचा आवाज चढला आणि मग उतरला. "तिने आजारपणात विचारलं होतं, मामा, परत येऊ का. मी म्हटलं होतं, रिकाम्या हाताने येऊ नकोस, लोक हसतील. एवढं एकच वाक्य, आक्का. ते तिने कुठल्या तरी रविवारी तुला सांगितलं असेल. आणि ते शनिवारी कर्ण्यावरून वाजलं तर मी कुठल्या तोंडाने कर्त्याच्या खुर्चीत बसू?"

हे वाक्य बिरागोने ऐकलं होतं. तेव्हा फोनमध्ये ती एवढंच बोलली होती: ऐकलं. ती नेहमी एवढंच बोले. यंत्राशी गप्पा मारणं तिला वेडेपणाचं वाटे.

"कारण तर तुझ्याकडे आहे," ती म्हणाली. "पण तू नाहीस. पुरुषाने डबी मातीत पाडली तर तो मळक्या रुमालातच परत गुंडाळतो. मेलेल्या पोरीचा रुमाल मळला म्हणून जीव तुटतो आणि तो धुऊन वाळवून घडी घालतो, असा पुरुष आपल्या कुळात झालेला नाही. किल्ली कुणाला दिलीस?"

बाडूने मान खाली घातली. "तुझे ट्रंकेतले कपडे उन्हात टाकायचेत म्हणाली. मला काय ठाऊक."

नाव त्याने घेतलं नाही. बिरागोने विचारलंही नाही.

५

पोकुआ फुफूचे गोळे वळत होती. बिरागोने तिच्यासमोर जांभळा रुमाल ठेवला. पोकुआचे हात पिठातच थांबले.

"निळा साबण घासलास," बिरागो म्हणाली. "तुझ्या पांढऱ्या कपड्यांना येतो तोच वास. माझ्या लेकीचा शेवटचा वास होता त्याला, पोकुआ."

"मावशी..."

"किती उंचीवरून पडली?"

पोकुआने हात न धुताच तोंडावर घेतला. "ओसरीच्या पायरीवरून. तुम्ही कुमासीला गेलात, आणि मला तिचा आवाज ऐकायचा होता. एक रविवार. एकच ऐकून ठेवून देणार होते. सारपॉन्गकडे घेऊन निघाले आणि पाय अडखळला. रुमालासकट लाल मातीत पडली. उचलली तर आतून टक टक करायला लागली."

"मग?"

"तसंच पळत गेले. तो म्हणाला, अजून वाचतेय, पण संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. त्याने सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. म्हणाला, ही चिपवाली घे, पुन्हा पडली तरी काही होणार नाही. जुन्याच कवचात बसवून दिली, तुम्हाला कळू नये म्हणून. तिच्या बदल्यात माझी शिलाई मशीन त्याच्या बायकोकडे आहे, मावशी. तुम्हाला वाटलं मी विकली."

"मला वाटलं तू शिवायला आळशी झालीस." बिरागो खाली बसली. गुडघे कडकडले. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला?" पोकुआ पहिल्यांदाच वर बघत म्हणाली. "वर्षभरात माझ्यासमोर एकदा तरी रडलात? दुफिएचं नाव काढलं की उठून बाजारात जाता. तिची मी पण कुणीतरी होते ना. मी कुणाकडे जाणार होते?"

बिरागोने एक गोळा उचलून वळायला घेतला. वाकडा झाला.

"ऐकलास का तो रविवार?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"नाही. तो उतरवत होता तेव्हा ऐकायची हिंमत झाली नाही."

"म्हणजे उतरवलं होतं. नक्की?"

"डोळ्यांनी पाहिलं. साडेचारशेवर होते."

बिरागो उठली. साडेचारशे रविवार त्या काळ्या वडीत गेले होते. ती वडी कुलपात होती. किल्ली कमरेला होती. आणि आज वडी रिकामी होती.

मग रिकामी केली कुणी?

६

दुपारी 'धीर धर'मध्ये वीज नव्हती. सारपॉन्ग पुठ्ठ्याने वारा घेत बसला होता. बिरागोने उघडी डबी त्याच्यापुढे ठेवली.

"कान लाव."

त्याने लावला नाही.

"सकाळीही लावला नाहीस. जो माणूस कान लावल्याशिवाय डिस्क विकत नाही, त्याने न ऐकताच सांगितलं, चाक अडकलं. आत चाकच नाही हे तुला ठाऊक होतं. पोकुआचं मी समजू शकते, ती घाबरली. तू का खोटं बोललास?"

सारपॉन्गच्या कपाळावर घाम होता, तो काही उकाड्याचा नव्हता. "ही... नवी नव्हती, राणीआई. युरोपातून जुनी यंत्रं येतात ना जहाजातून, त्यातून काढलेली. पार झिजलेली. नवीचे पैसे पोकुआकडे नव्हते. मी म्हटलं, चालेल."

"चालली का?"

"रोज वापरली असती तर चालली असती." तो थांबला. मग सांगायलाच लागला, कारण त्या बाईसमोर न सांगणं जास्त कठीण होतं. "चाकवाली डिस्क थाळीवर कोरल्यासारखं लिहिते. पडली नाही तर कपाटात वर्षानुवर्षं पडून राहते. चिपवाली तशी नाही. ती वीज बारीक बारीक खणांत कोंडून ठेवते, तेच तिचं लिहिणं. नवी असती तर टिकली असती. पण झिजलेली, त्यात वर्षभर एकदाही वीज दिली नाही, त्यात पत्र्याची ट्रंक, वर पत्र्याचं छप्पर... खणांतून पाझरत गेलं सगळं. मधूनमधून कुणी जोडली असती तरी..."

"कुणी म्हणजे मी."

त्याने हातातला पुठ्ठा खाली ठेवला.

पडणारी वस्तू पोकुआने पाडली. झिजलेली वस्तू सारपॉन्गने दिली. पण काळं उतरेपर्यंत हात लावायचा नाही, असं म्हणून तिला अंधारात, उकाड्यात, उपाशी कोंडली ती आईने. ह्या गावात अंत्यविधीचे चांगले कपडे असेच ठेवतात: डांबराच्या गोळ्या, कुलूप, वर्ष. लेकीलाही तिने तसंच ठेवलं होतं.

"जुनी, पडलेली कुठाय?"

"सुईने थाळ्या खरवडल्या होत्या. भंगारात गेली."

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. बिरागो बाकावर बसून राहिली. शनिवारी मंडपात चारशे खुर्च्या असतील आणि कर्ण्यांतून काहीच येणार नाही. ते लोकांना सांगता येईल, लोकांना काहीही सांगता येतं. पण शनिवारनंतर रविवार येणार होता. आणि त्यानंतरचा. एकाही रविवारी आता कुणी खोकणार नव्हतं.

वीज आली. पंखा फिरू लागला. सारपॉन्गच्या यंत्रावरचं एक बटण निळं झालं.

बिरागो त्या बटणाकडे बघत राहिली.

"सारपॉन्ग," ती हळूच म्हणाली, "ते कार्ड रिकामं करायला तुला किती वेळ लागला होता?"

७

"कुठलं कार्ड?"

"शेंगदाण्यासारखं बोलू नकोस. माझ्या फोनमधलं. भरायला तासावर लागला, मी तेवढ्यात चवळीच्या भाताची एक ताटली खाल्ली. आणि रिकामं एका बटणात. मला सांग, शंभर पोती यामची वखार भरायला दिवस लागतो तर रिकामी करायलाही दिवस लागतो की नाही? माझ्या डोळ्यांसमोर कुणी एका टाळीत वखार रिकामी करून दाखवली तर मी काय समजेन?"

सारपॉन्ग उभा राहिला.

"मी समजेन की ह्याने पोती हलवलीच नाहीत," बिरागो म्हणाली. "दारावरची पाटी तेवढी काढली. माल आत आहे. नवा माल येऊन त्याच्यावर पडेपर्यंत आतच आहे."

"राणीआई," सारपॉन्ग म्हणाला, "पुसलं की यंत्र यादीतलं नाव खोडतं. बाकी सगळं तिथेच राहतं. पण वर्ष झालं, त्या कार्डात..."

"चार स्तोत्रं. माझ्यासमोर भरलीस."

तिला मग सकाळचा उपदेशक आठवला, आणि तिचा चेहरा पडला.

बाडूला दुकानात बोलावलं तेव्हा तो रेडिओ छातीशी धरून आला, जणू त्यालाच पकडून आणलं होतं. "दर महिन्याला भरून घेत होतो," तो पुटपुटला. "उपदेश. एकटा बसतो मी, आक्का. ती चार स्तोत्रं पाठ झाली होती."

"किती उपदेश?"

"असतील... पुष्कळ."

बिरागो ओरडणार होती. तोंड उघडलंही. मग तिच्या डोळ्यांपुढे त्याची आराम खुर्ची आली, रिकामं अंगण, ओरडणारा उपदेशक. तिने तोंड मिटलं.

सारपॉन्गने कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी जोडलं. यंत्र कार्डाचा कोपरा न् कोपरा चाचपत गेलं. पोकुआही येऊन दाराशी उभी राहिली. कुणी तिला आत ये म्हटलं नाही, पण बिरागो बाकावर थोडी सरकली.

सूर्य कलला तेव्हा पडद्यावर नावं नसलेले नुसते आकडे आले. एकोणीस.

"साडेचारशेतले एकोणीस," सारपॉन्ग म्हणाला. "काही अर्धवट. कुठला रविवार कुठला ते कळणार नाही. लावू का एक?"

बाडूने दुकानातली खुर्ची घट्ट धरली.

"नको," बिरागो म्हणाली. "शनिवारी. सगळ्यांसोबतच ऐकेन. आणि बाडू, खुर्ची सोड. त्या एकोणिसांत तुझं ते वाक्य असलंच, तर ते माझंही आहे. 'रिकाम्या हाताने आलीस तरी चालेल' असं मी तरी कुठे म्हटलं होतं?"

८

शनिवारी सगळं मैदान पांढरं झालं होतं. बिरागो पहिल्या रांगेत बसली, एका बाजूला पोकुआ, दुसऱ्या बाजूला बाडू. सारपॉन्गने आकड्यांतला पहिला आकडा दाबला.

कर्ण्यांतून आधी भांडं आपटल्याचा आवाज आला. मग खोकला. बिरागोने पोकुआचा हात धरला. धरला म्हणजे आवळलाच.

"आई, इथल्या टोमॅटोला काही म्हणजे काही चव नाही बघ," दुफिए म्हणाली. "रस्सा करते तर लाल पाणी होतं नुसतं. पोकुआ बरी आहे का? तिला म्हणावं, तिची फुफू इथे स्वप्नात येते. आज बर्फ पडलं. खाली रस्त्यावर कुणी नाही. मी खिडकीत बसून तुझ्याशी बोलते म्हणजे कुणीतरी आहे असं वाटतं." चमचा फिरल्याचा आवाज. "तू मात्र नुसतं 'ऐकलं' म्हणतेस. एकदा काही बोल ना गं. भाव काय चाललाय तेवढं तरी सांग. आई? ऐकतेयस ना?"

आणि तुटलं. पुढच्या जागेवर कुठला तरी उपदेश येऊन बसला होता. कर्णे नुसते सळसळत राहिले.

लोकांना वाटलं संपलं. कुणीतरी नाक पुसलं, ढोलवाल्याने ढोल मांडीवर घेतला. बिरागो उठली. तिने सारपॉन्गच्या हातातून माइक घेतला आणि उलटा धरला. पोकुआने उठून तो सरळ करून दिला.

"ऐकतेय," बिरागो म्हणाली. स्वतःचा आवाज चारी बाजूंनी येताना ऐकून ती दचकली, पण थांबली नाही. "यामचा भाव चढलाय. तीन मोठे कंद घ्यायचे तर लोक दोनदा विचार करतात. फोन पिंपात पडला, म्हणून तुला... पोकुआ बरी आहे. फुफू अजून तशीच करते, जरा घट्ट. तुझा मामा एकटा पडलाय, आता जेवायला इकडेच येईल. सात खोल्या बंद आहेत. तुझी मी रोज झाडते..."

ती बोलत राहिली. चारशे माणसं गप्प बसून ऐकत होती, आणि ती त्यातल्या कुणाशीच बोलत नव्हती. मधूनमधून थांबायची, उत्तर येईल एवढा वेळ, आणि मग पुढे बोलायची. सावल्या मंडपाबाहेर लांब झाल्या.

शेवटी तिने माइक खाली केला.

"किती वेळ बोलले?" तिने सारपॉन्गला विचारलं.

"अर्धा तास, राणीआई. यंत्र चालूच होतं. पुसून टाकू?"

"पुसून बघ, हात तोडीन." तिने पांढऱ्या पदराने तोंड पुसलं. "तिच्या एकोणीसच्या शेजारी ठेव. चाकवालीवर एक, नवी चिपवाली घेऊन तिच्यावर एक. एक माझ्याकडे, एक पोकुआकडे. दर रविवारी दोन्ही जोडायच्या."

मग ती पोकुआकडे वळली.

"आणि ट्रंकेचं कुलूप काढून टाक," ती म्हणाली.